काच फुकटात सुंदर दिसते, अडचण तिथूनच सुरू होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एका प्रदर्शनात काचेची दोन कामं पाहिली. एक छतापासून लोंबणारं, शेकडो रंगीत वेटोळ्यांचं. त्याच्यासमोर फोटो काढायला रांग लागली होती. दुसरं म्हणजे करड्या काचेचा गुडघ्याएवढा ठोकळा, बाहेरून खरखरीत आणि धुरकट. सोबतचे जाणकार म्हणाले, खरा प्रयोग या ठोकळ्यात आहे. मला त्यात धुकं भरल्यासारखं काहीतरी दिसलं, बाकी काही नाही. समकालीन काचकलेत प्रयोग म्हणजे नेमकं काय, तो ओळखायचा कसा आणि कुणाची कामं पाहावीत?"

मी बावीस वर्षं साच्यातली काच करते, त्यामुळे माझा कल ठोकळ्याकडे आहे हे आधीच सांगून टाकते. फुंकीव काच करणारं कुणी याच प्रश्नाला वेगळं उत्तर देईल आणि तेही खोटं नसेल.

काचेची पंचाईत अशी, की ती फुकटात सुंदर दिसते. लाकडाचा ओंडका किंवा लोखंडाचा पत्रा देखणा करायला माणसाला राबावं लागतं. फुटक्या बाटलीचं बूड मात्र नुसतं उन्हात धरलं तरी लखलखतं. त्यामुळे काचेचं काम पाहून तोंडून 'वा!' निघालं, तर ती दाद काचेला गेली की कलाकाराला, हे तपासावं लागतं. मी स्वतःच्या कामालाही एक प्रश्न विचारते: हीच वस्तू जशीच्या तशी पांढऱ्या प्लास्टरमध्ये केली तर काय उरेल? बरंच काही उरत असेल, तर काच कशाला वापरली? काहीच उरत नसेल, तर दोन शक्यता आहेत. एक तर कलाकाराने सगळं काम काचेवर सोपवून स्वतः सुट्टी घेतली आहे, नाहीतर त्याने काचेतूनच विचार केला आहे. या दोघांत फरक करता आला की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय 'प्रयोग' या शब्दाला वजन येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काच वितळवणं ही मुख्यतः कारखान्याची मिरास होती. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची, तेराशे-चौदाशे अंशांवर वाळू, सोडा, चुना वितळवायचा, चार-सहा कारागिरांनी मिळून एक नग काढायचा. चित्रकार किंवा शिल्पकार फार तर कागदावर आराखडा काढून द्यायचा. 1962 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका शेडमध्ये हार्वे लिटलटन या कुंभारकामाच्या प्राध्यापकाने छोटी भट्टी लावून कार्यशाळा घेतली. सुरुवातीला काच धड वितळेचना. तेव्हा डॉमिनिक लाबिनो या काचतंत्रज्ञाने काचतंतू बनवण्यासाठी लागणाऱ्या काचेच्या गोट्या आणून दिल्या. त्या तुलनेने कमी तापमानाला वितळत. निवृत्त झालेल्या एका फुंकणाऱ्या कारागिराने फुंकनळी कशी धरायची ते दाखवलं आणि काम सुरू झालं. 'स्टुडिओ ग्लास' म्हणतात ती चळवळ इथून निघाली, म्हणजे खरं तर एका छोट्या भट्टीतून आणि पोतंभर गोट्यांतून.

(लिटलटनच्या घरी काच आधीपासूनच होती. त्याचे वडील काचेच्या कंपनीत भौतिकशास्त्रज्ञ होते. 1913 मध्ये त्याच्या आईने बॅटरीच्या कापलेल्या काचपात्रात केक भाजून पाहिला, आणि ओव्हनमध्ये चालणाऱ्या पायरेक्सच्या भांड्यांची कल्पना तिथून पुढे सरकली. काचेतला हा माझा सर्वांत आवडता प्रयोग आहे, पण तुम्ही कलेबद्दल विचारलंत.)

त्या पहिल्या दशकातली कामं आज पाहिली तर हसू येतं. बुडबुडे भरलेल्या, एका बाजूला कललेल्या बाटल्या. कारागिरी शिकवणारं कुणी नव्हतंच. लिटलटनने तर 1972 च्या सुमारास 'तंत्र स्वस्त असतं' असं विधान केलं आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. दुसरीकडे मुरानो बेटावर शतकानुशतकं तंत्र हेच सोनं होतं. 1291 मध्ये व्हेनिसने भट्ट्या तिथे हलवल्या, आणि पुढे गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून कारागिरांनाच बाहेर जाण्याची बंदी घातली. लहानपणीच भट्टीवर लागलेले आणि विशीच्या सुरुवातीलाच 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, झालेले लिनो तालियापिएत्रा 1979 मध्ये अमेरिकेतल्या पिलचक या काचशाळेत शिकवायला गेले, तेव्हा मुरानोत अनेकांना ते आवडलं नाही. पण त्यांच्यामुळे एका पिढीला समजलं, की तंत्र स्वस्त नसतं, ते नुसतं आपल्याजवळ नव्हतं. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते आणि आजची चांगली काच या दोघांच्या भांडणातून जन्मली आहे.

तुम्ही पाहिलेली ती लोंबती वेटोळी डेल चिहुली या अमेरिकन काचकाराच्या परंपरेतली असणार. त्याला नावं ठेवण्याची सध्या फॅशन आहे. मी ठेवणार नाही, निदान पूर्ण नाही. 1977 मध्ये त्याने अमेरिकन आदिवासींच्या जुन्या टोपल्या पाहिल्या. एकमेकींच्या वजनाने त्या दबून वाकड्या झाल्या होत्या. मग त्याने काच मुद्दाम इतकी पातळ आणि इतकी गरम ठेवली, की नळीवरच ती स्वतःच्या भाराने लवावी. तोवर फुंकीव काचेत सगळा आटापिटा असायचा तो गोल गोलच राहावा यासाठी. जॅक्सने, म्हणजे मोठ्या चिमट्याने, दाबा, ओल्या वर्तमानपत्राच्या घडीने सावरा, नळी क्षणभरही थांबवू नका. चिहुलीने गुरुत्वाकर्षणाला हत्यार म्हणून हातात घेतलं. हा खरा प्रयोग होता. 1976 मध्ये अपघातात त्याचा एक डोळा गेला आणि 1979 मध्ये खांदा निखळला, तेव्हापासून नळी इतरांच्या हाती आणि तो दिग्दर्शक, अशी मांडणी झाली. पुढची प्रचंड लोंबती झुंबरं मला त्या टोपल्यांचा विस्तार वाटतात. आकडा वाढला, प्रश्न तोच राहिला. तुमच्या प्रदर्शनातल्या रांगेत उभे असलेले लोक चुकत नव्हते, फक्त त्यांची दाद मुख्यतः काचेला जात होती.

आता ठोकळा.

त्याचं मूळ शोधायचं तर चेक देशात जावं लागतं. स्टानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा हे जोडपं 1950 च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास अर्धं शतक एकत्र काम करत राहिलं. तो चित्र काढायचा, ती मातीत घडवायची, मग साचा, मग काच. त्यांच्याआधीही ओतीव काच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंरी क्रोने काचेची पूड साच्यात भाजण्याची जुनी रीत पुन्हा शोधली होती. पण लिबेन्स्की-ब्रिख्तोवांनी जे ओळखलं ते आधी कुणी इतक्या स्पष्टपणे ओळखलं नव्हतं: रंगीत काचेच्या भरीव तुकड्यात जाडी म्हणजेच छटा. एकाच करड्या काचेचा ठोकळा जिथे दोन सेंटीमीटर आहे तिथे धुरासारखा फिका, जिथे वीस सेंटीमीटर आहे तिथे जवळपास काळा. म्हणजे बाहेरून सपाट दिसणाऱ्या ठोकळ्याच्या मागच्या बाजूने तुम्ही चेहरा उलटा, खोलगट कोरलात, तर समोरून पाहणाऱ्याला काचेच्या आत उजेडाचा चेहरा तरंगताना दिसतो. तिथे कोरलेलं असं काही नसतं, मागे फक्त एक खड्डा असतो. दगडाच्या शिल्पात उजेड पृष्ठभागावर पडून थांबतो. इथे तो आत शिरतो, वाटेत थोडा थोडा गिळला जातो आणि किती गिळला जाईल हे शिल्पकार मिलिमीटरमध्ये ठरवतो.

पृष्ठभाग खरखरीत का ठेवायचा, तेही यातूनच समजेल. बाहेरून आरशासारखी पॉलिश केली, तर नजर वरच्या चमकेवर घसरते आणि मागच्या भिंतीची प्रतिबिंबं दिसू लागतात. पृष्ठभाग आम्लाने किंवा घासून मंद केला, की चमक मरते आणि नजर आत जाते. काचेचं आयतं सौंदर्य त्यांनी जाणूनबुजून विझवलं. तुम्हाला जे 'धुकं भरल्यासारखं' वाटलं ना, तेच पाहायचं होतं.

या जोडप्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. साम्यवादी राजवटीत चित्रकार-शिल्पकारांवर करडी नजर असायची, पण काच म्हणजे शोभेची वस्तू, तिच्यात कसलं राजकारण, असं समजून काचेला बरीच मोकळीक मिळाली. अमूर्त कला तिथे काचेच्या आडून जगली. तरी 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी केलेल्या 'जीवननदी' या लांबलचक काचभिंतीत सैनिकी बुटांचे ठसे होते. प्रागमध्ये रणगाडे शिरून दोन वर्षं झाली होती. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि ठसे काढून टाकावे लागले. काच निरागस असते हा समज तेव्हा फुटला.

इथवर कल्पनेचं झालं. पण तुमच्या जाणकारांनी ठोकळ्याला प्रयोग म्हटलं त्याचं दुसरं कारण तुम्हाला दालनात दिसणारच नाही, ते भट्टीत घडतं. ओतीव काचेचा जीव असतो निववण्यात. आम्ही ॲनिलिंग म्हणतो. वितळलेली काच थंड होताना आकसते. बाहेरचा थर आधी थंड होतो, गाभा गरमच असतो. बाहेरचा थर कडक झाल्यावर गाभा आकसू पाहतो, पण त्याला बाहेरचं कवच सोडत नाही. ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. म्हणून साधारण पाचशे अंशांच्या आसपास काच एका तापमानाला थांबवून ठेवायची, आतबाहेर सारखं होऊ द्यायचं आणि मग कूर्मगतीने खाली आणायची. गंमत अशी, की जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. दहा सेंटीमीटर जाडीचा ठोकळा भट्टीत आठवडाभर निवतो, वीस सेंटीमीटरचा तीन-चार आठवडे. 1934 मध्ये पालोमार दुर्बिणीसाठी 200 इंच व्यासाचा पायरेक्स काचेचा आरसा ओतला, तो निववायला सुमारे दहा महिने लागले होते.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून मी चौदा सेंटीमीटर जाडीचा तुकडा पाच दिवस आधी बाहेर काढला. हाताला थंड लागत होता, दिसायला निर्दोष. प्रदर्शनात तो दहा दिवस दिमाखात उभा राहिला. घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात, रात्री, कुणी हात न लावता, 'टिंग' असा नाजूक आवाज आला. सकाळी पाहिलं तर तळापासून वरपर्यंत तडा, इतका स्वच्छ की जणू कुणी सुरीने कापलंय. तेव्हापासून मी तारखा आयोजकांना नाही, भट्टीला विचारते.

यावरून एक गैरसमज आठवला, तो इथेच खोडते. काच म्हणजे फार सावकाश वाहणारा द्रव, म्हणून जुन्या चर्चच्या तावदानांचा तळ जाड झालाय, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती खरी नाही. जुन्या पद्धतीने बनवलेलं तावदान मुळातच कमीजास्त जाडीचं असे आणि बसवणारे बऱ्याचदा जाड कड खाली ठेवत. खोलीच्या तापमानाला काच वाहत नाही. ती फक्त राग धरून बसते.

दुसरा अदृश्य प्रश्न रंगांचा. दोन वेगळ्या काचा एकत्र वितळवल्या, तर दोघींनी सारख्याच प्रमाणात आकसायला हवं. बाजारात 90 आणि 96 या प्रसरणांकांच्या, म्हणजे तापल्या-निवल्यावर किती फुगते-आकसते त्या मापाच्या, काचा मिळतात. फरक ऐकायला क्षुल्लक. पण हिशोब मांडा: पाचशे अंश खाली येताना दहा सेंटीमीटरच्या तुकड्यात या फरकाने जेमतेम 0.03 मिलिमीटरची तफावत पडते, आणि तेवढ्याने तुकडा उभा चिरतो. 1970 च्या दशकात भट्टीत काचेचे रंगीत तुकडे जोडणाऱ्या प्रत्येकाची हीच रड होती. हॅम्बुर्गचा क्लाउस मॉये 1979 मध्ये पिलचकला गेला, तिथे त्याची गाठ पोर्टलंडच्या बुल्सआय काचकारखान्याच्या मंडळींशी पडली आणि त्यांनी एकमेकांशी जुळणाऱ्या रंगीत पट्ट्या बनवायचं मनावर घेतलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मॉये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकवायला गेला, तेव्हा ती काचही तिथे पोचली. मग त्याने पट्ट्या कापून, रचून, वितळवून, पुन्हा कापून, पुन्हा रचून जे केलं, ते विणकामाच्या आणि चित्राच्या मधलं काहीतरी आहे. त्यात फुंकर नाही, पारदर्शकतेचा मोहही नाही. पुढे त्याच्या भोवतालच्या मंडळींनी भट्टीत जोडलेला सपाट रंगीत पत्रा गरम असतानाच नळीवर गुंडाळून फुंकण्याची रीत काढली. तिला आजही 'ऑस्ट्रेलियन रोल-अप' म्हणतात. काचेत एखाद्या रसायनतज्ज्ञाने डबा उघडला की मागून दहा कलाकार बाहेर पडतात, हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

टूट्स झिन्स्कीचं काम मिळालं तर जरूर पाहा. ती काचेचे केसांसारखे धागे हजारोंनी अंथरते, भट्टीत एकजीव करते, एकामागून एक, अधिकाधिक खोल होत जाणाऱ्या साच्यांत ते पान लवू देते आणि शेवटी जाड हातमोजे घालून तापलेल्या भट्टीतच ते हाताने चिमटते. बाहेर येतं ते भांडं असतं, पण त्याला भांडं म्हणायला जीभ रेटत नाही.

रोनी हॉर्न ही तर काचकार म्हणवूनही घेत नाही, तरी गेल्या काही दशकांतलं सर्वांत निर्भीड ओतीव काम मला तिचं वाटतं. कित्येक टनांचे भरीव दंडगोल किंवा घन. बाजूंवर साच्याचा खरखरीतपणा तसाच ठेवलेला, आणि वरचा पृष्ठभाग मात्र भट्टीच्या आचेनेच गुळगुळीत झालेला, काठोकाठ भरलेल्या हौदासारखा. लोक वाकून आत पाहतात आणि हात मागे घेतात, पाणी सांडेल असं वाटून. त्यात कोरलेलं काहीही नाही. सारी अक्कल दोन पृष्ठभागांच्या फरकात आहे. त्या वजनाची काच निवायला महिने लागतात, हे माहीत असलं की ते पाणी आणखीच स्तब्ध वाटू लागतं.

आयत्या सौंदर्यावरचा दुसरा उपाय म्हणजे ते उलटवणं. 2003 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, फ्रेड विल्सनने मुरानोचं पारंपरिक झुंबर जसंच्या तसं करवून घेतलं, फक्त काळ्याभोर काचेत. ज्या शहराच्या चित्रांत काळे नोकर कोपऱ्यात उभे दिसतात, त्या शहराच्या सर्वांत गोऱ्या, सर्वांत श्रीमंत वस्तूचा रंग बदलला आणि प्रश्न आपोआप लटकू लागला. हाविएर पेरेझने 2011 मध्ये लाल झुंबर जमिनीवर आपटून फोडलं आणि त्यावर पेंढा भरलेले कावळे बसवले. काचेचे तुकडे त्यांच्या चोचीत मांसासारखे दिसतात. मोना हातूमने हातबॉम्ब रंगीत स्फटिककाचेत करून रुग्णालयाच्या ट्रॉलीसारख्या लोखंडी टेबलावर मिठाईसारखे मांडले. हे तिघंही स्वतः नळी धरत नाहीत.

सिल्व्हिया लेव्हेन्सन मात्र स्वतः भट्टीशी बसते, आणि या सगळ्यांत मला ती जवळची वाटते. ती मूळची अर्जेंटिनाची. तिथल्या लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या लोकांची तान्ही मुलं भलत्याच घरांत दिली गेली आणि त्यांच्या आज्या आजतागायत नातवंडं शोधताहेत. लेव्हेन्सनने साच्यात काच ओतून बाळांचे कपडे केले: झबली, टोपडी, पायमोजे. फिक्या, गोड रंगांचे. लोकर मऊ असते आणि बाळाच्या अंगाचा आकार घेते. हे झबलं कडक आहे आणि त्यात आता कुणीच मावणार नाही. मघाची कसोटी लावून पाहा. हेच प्लास्टरमध्ये केलं असतं तर पुतळा झाला असता. काचेत ते झबलं आहेही आणि नाहीही.

ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून केलेल्या कामाला काचवालेसुद्धा जरा कमी लेखतात, जत्रेतले काचेचे हंस आठवतात म्हणून. ल्यूक जेरमने 2004 पासून वैज्ञानिक काच घडवणाऱ्या कारागिरांकडून विषाणूंची शिल्पं करून घेतली, ती मुद्दाम बिनरंगी. विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान, त्यांना रंग नसतोच. वर्तमानपत्रांतली लाल-हिरवी चित्रं रंगवलेली असतात. इथे पारदर्शकता ही शोभा नाही, वस्तुस्थिती आहे. जेरम स्वतः रंगांध आहे, तेव्हा रंगावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न त्याला लवकर पडला असावा.

जोसाया मॅकएल्हेनी हा उलट प्रकारचा माणूस. तो मुरानोच्या तोडीचं फुंकतो, पण फुंकण्याबद्दल कमी आणि आरशांच्या इतिहासाबद्दल जास्त बोलतो. 2005 मध्ये त्याने एका विश्वरचनाशास्त्रज्ञाबरोबर बसून विश्वाच्या जन्माचं झुंबर केलं. न्यूयॉर्कच्या ऑपेरागृहातल्या 1960 च्या दशकातल्या स्फोटासारख्या झुंबरांवरून त्याला ते सुचलं. त्यातल्या दांड्यांची लांबी म्हणजे काळ. पाहायला आनंद होतो, समजून घ्यायला मेहनत पडते. मला त्यातली मेहनत जरा जास्तच वाटते, पण हा माझ्या स्वभावाचा भाग.

तडा हाच कामाचा भाग मानणारेही आहेत. मार्सेल दुशाँचं 1915 ते 1923 दरम्यान केलेलं मोठं काचचित्र एका प्रदर्शनानंतर वाहतुकीत तडकलं. त्याने तुकडे जोडले आणि तडे स्वीकारले. रॉबर्ट स्मिथसनने 1969 मध्ये नुसत्या फुटक्या काचेचा ढीग रचून त्याला बुडालेल्या ॲटलांटिसचा नकाशा म्हटलं. तिथे घडवणं शून्य, तरी सूर्यप्रकाश पडला की तो ढीगही चमकतोच. काचेपुढे कुणाचं चालत नाही.

नव्या यंत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच. 2015 मध्ये नेरी ऑक्समनच्या एमआयटीतल्या गटाने हजारेक अंशांवरची वितळलेली काच तोटीतून सोडून थरावर थर रचणारं यंत्र दाखवलं आणि दोन वर्षांनी मिलानमध्ये तीन मीटर उंचीचे छापील काचखांब उभे केले. त्या गटातल्या मार्कुस कायसरने त्याआधी, 2011 मध्ये, सहारात भिंगाने सूर्यकिरण एकवटून वाळूच वितळवत भांडं घडवलं होतं. मला त्या मिलानच्या खांबांपेक्षा त्या भांड्याचं कौतुक जास्त वाटतं. ओबडधोबड आहे, एका बाजूने कच्चं आहे, पण काच म्हणजे काय हे ते सांगतं: वाळू आणि ऊन. यंत्राची छापील काच अजून तरी मधाची धार गोठल्यासारखी दिसते, कोणीही काढली तरी तशीच. प्रत्येक तंत्राचं पहिलं दशक असंच असतं. 1962 नंतरच्या त्या वाकड्या बाटल्या विसरू नका.

कारागीर कोण आणि कलाकार कोण, यावर वाद घालायचा तर रात्र सरेल. एवढंच म्हणते, की फुंकीव काच एकट्याने होत नाही. एकाने नळी फिरवायची, दुसऱ्याने फुंकायचं, तिसऱ्याने दार उघडायचं, चौथ्याने लाकडी फळीने इतरांच्या हाताला आच लागू नये म्हणून आडोसा धरायचा. झाँ-मिशेल ओथोनिएल फिरोजाबादच्या कारागिरांकडून तोंडाने फुंकलेल्या काचविटा करवून घेतो आणि त्यांतले बुडबुडे, कमीजास्त रंग तसेच ठेवतो. त्या विटांत फुंकणाऱ्याचा श्वास दिसतो. नाव मात्र एकाचंच लागतं. दालनातल्या पाटीवर कार्यशाळेचा, मुख्य फुंकणाऱ्याचा उल्लेख असेल तर मी त्या कलाकाराला मनात दोन गुण जास्त देते.

आता तुम्हाला हातात घेता येईल अशी एक युक्ती. घरातली काचेची जाड वस्तू आणि पोलराइज्ड चष्मा घ्या. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, वस्तू पडद्यापुढे धरा आणि चष्मा डोळ्यासमोर आडवा-उभा फिरवत जा, पडदा काळा दिसू लागेपर्यंत. आता काचेत पांढरे ढग किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसले, तर तो कोंडलेला ताण आहे. चांगली निववलेली काच त्या अंधारात जवळजवळ अंधारीच राहते. आम्ही काम भट्टीतून काढल्यावर पहिल्यांदा हेच बघतो. रूप मग. (प्रदर्शनात मात्र हा उद्योग करू नका, पहारेकरी हसत नाहीत.)

आणि त्या करड्या ठोकळ्याकडे पुन्हा जा. शक्य असेल तर खिडकीतून उजेड येत असताना एकदा आणि दिवस कलल्यावर एकदा. समोर उभं राहून पाहू नका, आधी बाजूला जा आणि जाडी कुठे कमी होते ते शोधा. कडेला एखादी पातळ धार असेल, तिथे करडा रंग जवळजवळ पाण्यासारखा होतो. मग वाकून मागची बाजू पाहा. माझा अंदाज आहे की तिथे एक खड्डा असेल, कदाचित ओबडधोबड, कदाचित अगदी नीट कोरलेला. तो नीट पाहून घ्या, त्याचा आकार डोक्यात ठेवा आणि मग समोर या.

खड्डा नसेल तर मला कळवा. मग तुमचे जाणकार चुकले असं मी लेखी देईन.